भिंत काचेच्या मापाने आखा: यू-चॅनेल काचेची कर्टन वॉल मॉडेल करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: रेव्हिटमध्ये (इमारतीचे त्रिमितीय मॉडेल करायचे सॉफ्टवेअर) 6500 मि.मी. लांब आणि साधारण 4 मीटर उंच अशी यू-चॅनेल काचेची भिंत करायची आहे. त्यातल्या कर्टन वॉलचे, म्हणजे ग्रिडने भाग पाडलेल्या काचेच्या भिंतीचे, तयार ग्लेझ्ड पॅनेल सपाट येते. यू आकाराची स्वतःची पॅनेल फॅमिली (पुन्हा पुन्हा वापरायचा मॉडेलचा घटक) करून पाहिली, तर शेवटची पट्टी अरुंद होते, एकाआड एक पट्टी उलटी करता येत नाही आणि कोपरा जुळत नाही. तेवढ्यात मॉडेलही जड झाले. पुढे हीच भिंत दुहेरी काचेची करायची शक्यता आहे.

या सगळ्या अडचणींचे मूळ एकच आहे. कर्टन वॉलचे टूल असे गृहीत धरते की भिंतीची लांबी ठरलेली आहे, ग्रिड तिचे भाग पाडते आणि प्रत्येक भागात पॅनेल ताणून बसते. सपाट काच हव्या त्या मापात कापून मिळते, त्यामुळे तिथे हे चालते. यू-चॅनेल काच ठरावीक रुंदीच्या साच्यातून येते आणि तिची रुंदी ताणता येत नाही. म्हणून इथे क्रम उलटा हवा: आधी पट्टीची रुंदी, मग पट्ट्यांची संख्या आणि शेवटी भिंतीची लांबी. एवढे एक मान्य केले की फॅमिली कशी बांधायची, ग्रिड कसे लावायचे, कोपरा कुठे थांबवायचा, हे सगळे आपोआप सुचत जाते.

आधी वस्तू नीट समजून घेऊ. ही काच वितळलेल्या अवस्थेत रोलरमधून सलग पट्टीसारखी निघते आणि तिच्या दोन्ही कडा वळवून यू आकार देतात. युरोपीय मानक ईएन 572-7 या काचेसाठीच आहे. टेम्पर केलेल्या (उष्णतेने मजबूत केलेल्या) यू काचेसाठी ईएन 15683-1 आहे. सर्रास मिळणाऱ्या रुंदी 232, 262, 331 आणि 498 मि.मी. फ्लँज (यू च्या दोन वळवलेल्या बाजू) 41 मि.मी. असेल तर काचेची जाडी 6 मि.मी. असते, फ्लँज 60 मि.मी. असेल तर 7 मि.मी. पट्ट्या उभ्या, शेजारी शेजारी बसतात. वर आणि खाली ॲल्युमिनियमची चौकट असते, दोन्ही टोकांना उभी चौकट असते आणि मधे एकही म्युलियन (आधाराची दांडी) नसतो. दोन पट्ट्यांमधला सांधा सिलिकॉनने भरतात.

मधे म्युलियन का लागत नाही, याचे उत्तर आकारात आहे आणि मॉडेल करणाऱ्याने हे गणित एकदा स्वतः करून पाहावे. कोपऱ्यांची गोलाई सोडून दिली तर 262 मि.मी. रुंद, 6 मि.मी. जाड सपाट काचेचा जडत्व आघूर्ण (वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) सुमारे 4,700 मि.मी.⁴ येतो. त्याच काचेला 41 मि.मी.चे दोन फ्लँज दिले की तो सुमारे 1,87,000 होतो, म्हणजे जवळजवळ चाळीसपट. फ्लँज 60 आणि जाडी 7 केली तर आकडा 6,57,000 च्या आसपास जातो. म्हणजे 41 वरून 60 वर गेल्यावर वजन साधारण 29 टक्क्यांनी वाढते, पण ताठपणा साडेतीनपट होतो. त्यामुळे सुरुवातीला सपाट पॅनेलवर उभ्या रेघांचे मटेरियल चिकटवून काम भागवण्याचा जो मार्ग बरेच जण घेतात, तो मला पटत नाही. फ्लँजची खोली हाच या भिंतीचा सांगाडा आहे. ती मॉडेलमध्ये नसेल तर चौकटीची खोली, स्लॅबच्या कडेपासूनचे अंतर, कोपरा, सगळेच नंतर बदलावे लागते.

आता तुमची 6500 मि.मी.ची भिंत घेऊ. 262 ची पट्टी, 3 मि.मी.चा सांधा आणि प्रत्येक टोकाला चौकटीसाठी 20 मि.मी. असे धरू. सांधा आणि टोकाचे अंतर निर्मात्याच्या तपशिलातूनच घ्यायचे, इथे फक्त हिशेबासाठी घेतले आहे. 24 पट्ट्यांचे 6288, त्यांच्यामधल्या 23 सांध्यांचे 69, दोन टोकांचे 40, एकूण 6397. पंचवीस पट्ट्या बसवल्या तर 6662 लागतात. म्हणजे गाळा (भिंतीसाठीची मोकळी जागा) एक तर 103 मि.मी.ने कमी करायचा किंवा 162 मि.मी.ने वाढवायचा. तिसरा पर्याय म्हणजे एका टोकाला 331 ची पट्टी घालायची: एकूण 6466 होते आणि उरलेले 34 मि.मी. दोन्ही टोकांच्या चौकटीत वाटता येतात. मात्र एकच पट्टी वेगळ्या रुंदीची असेल तर ती दर्शनी भागात लगेच नजरेत भरते. मी शक्य असेल तिथे गाळाच 6397 करून घेतो. डिझाइन अजून कागदावर असेल तर शेजारची भिंत दहा सेंटीमीटर सरकवायला कोणाची हरकत नसते. काँक्रीट ओतून झाल्यावर मात्र तोच बदल फार महाग पडतो. म्हणून हा हिशेब स्केच डिझाइनच्या टप्प्यातच व्हायला हवा.

ग्रिड लावताना मी ग्रिड रेषा सांध्याच्या मध्यावर धरतो. त्यामुळे पिच (एका ग्रिड रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंतचे अंतर) 262 अधिक 3, म्हणजे 265 मि.मी. होते. कर्टन वॉल काढायची ती फक्त पहिल्या पट्टीच्या बाहेर अर्धा सांधा धरून शेवटच्या पट्टीच्या बाहेरच्या अर्ध्या सांध्यापर्यंत: 24 गुणिले 265, म्हणजे 6360. उरलेले 18.5 मि.मी. प्रत्येक टोकाला उभ्या चौकटीसाठी राहतात. टाइप प्रॉपर्टीजमध्ये व्हर्टिकल ग्रिडचा लेआउट 'फिक्स्ड डिस्टन्स' आणि अंतर 265 ठेवा. 'मॅक्सिमम स्पेसिंग' इथे कटाक्षाने टाळा. ती सेटिंग सोयीची वाटते, कारण भिंत कितीही लांब असली तरी सगळी पॅनेल एकसारखी दिसतात. पण 6500 ला कमाल 265 सांगितले की रेव्हिट 25 समान भाग पाडते आणि पिच 260 होते. म्हणजे 262 ची काच 260 च्या जागेत. अशी पट्टी कोणत्याही कारखान्यात मिळत नाही, आणि ड्रॉइंगवर पाहणाऱ्याला ते कळतही नाही, कारण सगळे नीटनेटके दिसत असते. 'फिक्स्ड डिस्टन्स'मध्ये उरलेला तुकडा शेवटी वेगळा दिसतो. तो दिसायलाच हवा. भिंतीची लांबी चुकली आहे हे तो लगेच सांगतो.

टोकांना उभे बॉर्डर म्युलियन लावू नका. म्युलियन लावला की त्याच्या जाडीएवढे पॅनेल आखडते आणि पहिली व शेवटची पट्टी मापातून बाहेर जाते. तुमची शेवटची पट्टी अरुंद होण्यामागे लांबीइतकेच हेही एक कारण असणार. टोकाची उभी चौकट मी टोकाच्या पॅनेल फॅमिलीतच घालतो. नेहमीच्या पॅनेलची प्रत घ्यायची, तिच्यात डाव्या किंवा उजव्या कडेबाहेर ॲल्युमिनियमचे एक्स्ट्रूजन (छेद लांबवून केलेला घन आकार) जोडायचे आणि पहिल्या-शेवटच्या कप्प्यात ती फॅमिली बसवायची. पॅनेलची भूमिती कप्प्याच्या हद्दीबाहेर गेलेली रेव्हिटला चालते.

आता पॅनेल फॅमिली. मेट्रिक कर्टन वॉल पॅनेलचे टेम्पलेट उघडा. बहुतेक जण इथे एलिव्हेशनमध्ये आयत काढून तो डाव्या-उजव्या रेफरन्स प्लेनला लॉक करतात, आणि पट्टी ताणली जाण्याचा त्रास तिथेच सुरू होतो. त्याऐवजी प्लॅन व्ह्यूमध्ये जा आणि पूर्ण यू आकार एकाच स्केचमध्ये काढा: 262 रुंद, 41 खोल, 6 जाड. सॉलिड काढून त्यातून व्हॉइड कापू नका. एकच बंद रेघ, एकच एक्स्ट्रूजन. रुंदी, फ्लँज आणि जाडी यांना टाइप पॅरामीटर द्या, म्हणजे 232 किंवा 331 साठी नवा टाइप करणे सोपे जाईल. यू मधल्या रेफरन्स प्लेनवर दोन्ही बाजूंनी समान ठेवा आणि डाव्या-उजव्या प्लेनला अजिबात लॉक करू नका. कप्पा 265 चा असेल तर दोन्ही बाजूंना दीड-दीड मि.मी. सुटेल, म्हणजे बरोबर सांधा. उद्या कोणी भिंत ओढून लांब केली तर काच ताणली जाणार नाही. ग्रिड बिघडले असेल तर फट किंवा काचेवर काच आलेली उघड दिसेल. तसे दिसणे मला हवेच असते.

उंची मात्र लॉक करायची, पण थेट वरच्या-खालच्या प्लेनला नाही. काच चौकटीच्या आत शिरलेली असते. बसवताना पट्टी आधी वरच्या चौकटीत खोलवर चढवतात, तिचे खालचे टोक खालच्या चौकटीच्या ओठावरून आत घेतात आणि मग ती खाली टेकवतात. म्हणून वरची चौकट खालच्यापेक्षा खोल असते आणि काच बसल्यावरही वर मोकळी जागा उरते. रेव्हिटमध्ये आडवे बॉर्डर म्युलियन लावले की पॅनेल म्युलियनच्या कडेशी थांबते, त्यामुळे फॅमिलीत वरच्या प्लेनच्या वर एक आणि खालच्या प्लेनच्या खाली एक असे दोन नवे रेफरन्स प्लेन काढा. त्यांना 'वरचा बाइट' आणि 'खालचा बाइट' (काच चौकटीत जितकी आत शिरते ते अंतर) असे पॅरामीटर द्या आणि एक्स्ट्रूजनची टोके या प्लेनना लॉक करा. मग सेक्शनमध्ये काच चौकटीत खरोखर गेलेली दिसते. त्यासाठी आडव्या चौकटीचा म्युलियनही साधा आयताकृती नको. म्युलियन प्रोफाइलच्या टेम्पलेटमध्ये पोकळ यू काढा, वरचा वेगळा आणि खालचा वेगळा. भरीव म्युलियनमध्ये काच घुसवली तर दोन सॉलिड एकमेकांत जातात, आणि क्लॅश तपासणारा सहकारी पट्टीगणिक दोन तक्रारी पाठवतो.

एकाआड एक उलटी पट्टी, म्हणजे एकीचे वेब (यू चा रुंद सपाट भाग) बाहेर तर शेजारचीचे आत, ही रचना एकेरी काचेत पुष्कळदा वापरतात. रेव्हिटमध्ये पॅनेल एकाआड एक बदलण्यासाठी तयार सोय नाही. टॅबने एकेक निवडून टाइप बदलता येतो, पण भिंतीत बदल झाला की पुन्हा तेच काम. डायनॅमोची (रेव्हिटमधले प्रोग्रॅमिंगचे साधन) स्क्रिप्टही लिहिता येते. मला त्याहून साधा उपाय आवडतो: पिच दुप्पट करा. ग्रिड 530 वर ठेवा आणि एका पॅनेल फॅमिलीत दोन पट्ट्या बसवा, एक सरळ आणि एक उलटी. तुमच्या भिंतीत 24 पट्ट्या आहेत, म्हणजे 12 कप्पे बिनचूक बसतात. संख्या विषम असेल तर शेवटच्या कप्प्यासाठी एका पट्टीची फॅमिली वेगळी ठेवा. मात्र शेड्यूलमध्ये एक ओळ म्हणजे दोन पट्ट्या, हे लक्षात ठेवून संख्येचा पॅरामीटर फॅमिलीतच घाला.

दुहेरी भिंतीत दोन ओळी समोरासमोर येतात, फ्लँज आतल्या पोकळीकडे वळलेले असतात आणि आतली ओळ बाहेरच्या ओळीच्या अर्ध्या पिचने सरकलेली असते. म्हणजे बाहेरच्या सांध्याचे दोन फ्लँज आतल्या पट्टीच्या मधोमध येतात. दोन्ही ओळींसाठी दोन वेगळ्या कर्टन वॉल काढायचा मोह होतो, पण मग दोन चौकटी होतात आणि एक हलवली की दुसरी मागे राहते. एकच कर्टन वॉल ठेवा, एकाच फॅमिलीत बाहेरची पट्टी मध्यावर आणि आतली 132.5 मि.मी. उजवीकडे सरकवून बसवा. आतली पट्टी शेजारच्या कप्प्यात शिरते आणि पुढच्या पॅनेलची आतली पट्टी तिच्या पुढे येते, त्यामुळे ओळ सलग दिसते. अडचण फक्त दोन टोकांना येते: सुरुवातीला आतल्या बाजूला अर्ध्या पट्टीची जागा रिकामी राहते आणि शेवटी अर्धी पट्टी बाहेर डोकावते. टोकाच्या दोन फॅमिली इथे पुन्हा कामाला येतात. त्यांत आतली पट्टी उभी कापलेली, म्हणजे एकच फ्लँज असलेली दाखवा. टेम्पर केलेली काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे हे अर्धे तुकडे ऑर्डरमध्ये आधीच वेगळे नोंदवावे लागतात. मॉडेलमध्ये ते नसतील तर यादीतही येणार नाहीत. दोन ओळींमधली नेमकी खोली मात्र अंदाजाने ठरवू नका. त्या त्या सिस्टिमच्या चौकटीच्या सेक्शनवरून घ्या.

कोपऱ्यात दोन कर्टन वॉल एकमेकींपर्यंत नेऊन रेव्हिट काहीतरी करेल अशी वाट पाहू नका. दोन्ही भिंती कोपऱ्याआधी सांध्याच्या मध्यावर थांबवा आणि कोपरा स्वतंत्र घटक म्हणून करा, मग तो ॲल्युमिनियमचा खांब असो की काचेचा जोडलेला कोपरा. हे एकदा केले की एका बाजूची लांबी बदलताना दुसरी बाजू हलत नाही. कोपऱ्याची जागा ठरवताना बाहेरच्या वेबची रेष धरा, स्लॅबची कड नव्हे.

वक्र भिंतीचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण ही काच बहुतेक जणांना वक्रासाठीच आवडते, म्हणून सांगतो. प्रत्येक पट्टी सपाटच राहते आणि वक्र तयार होतो तो पट्ट्यांच्या कोनातून. रेव्हिटही कंसावरच्या कर्टन वॉलची पॅनेल सपाटच करते, त्यामुळे इथे टूल आणि वस्तू यांचे चांगले जमते. कंस आणि जीवा यांतला फरक नगण्य असतो: 2 मीटर त्रिज्येलाही 265 च्या पिचमध्ये तो 0.2 मि.मी.सुद्धा होत नाही. खरी अडचण फ्लँजच्या टोकांची आहे. फ्लँज केंद्राकडे वळलेले असतील तर शेजारच्या दोन पट्ट्यांचे फ्लँज टोकाशी जवळ येतात. किती जवळ, ते काढायला पिच भागिले त्रिज्या गुणिले फ्लँज इतकेच पुरे. 5 मीटर त्रिज्या आणि 41 चा फ्लँज घेतला तर 2.2 मि.मी.; वेबपाशी सांधा 3 मि.मी. असेल तर जेमतेम निभावते. फ्लँज 60 चा केला की 3.2 मि.मी., म्हणजे काचेला काच लागली. 2 मीटर त्रिज्येला 41 चा फ्लँजही 5.4 मि.मी. जवळ येऊ पाहतो. अशा वेळी सांधा रुंद करायचा, अरुंद पट्टी घ्यायची किंवा फ्लँज केंद्राच्या उलट बाजूला वळवायचे. निर्माते किमान त्रिज्या देतातच, पण मॉडेलमध्ये फ्लँज खरे असतील तर प्लॅनमध्ये झूम केल्यावर हे स्वतःलाच दिसते. कागदावर गुळगुळीत कंस काढून पुढे गेलेल्यांना ते दिसत नाही.

दरवाजा किंवा खिडकी घालायची असेल तर उघडणीची रुंदी पिचच्या पटीत घ्या. वरच्या छोट्या पट्ट्या दरवाज्यावर लटकत नाहीत. त्यांच्याखाली आडवी चौकट लागते आणि तिचा भार उभ्या पोस्टवर, तिथून स्ट्रक्चरवर जातो. म्हणून त्या जागी पॅनेल काढून नुसता दरवाजा बसवण्याऐवजी पोस्ट आणि आडवी चौकट मॉडेलमध्ये दाखवा, नाहीतर ती स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये कधीच येत नाही. वरची कड तिरकी असेल तर आणखी एक अडथळा आहे: रेव्हिटमध्ये आयताकृती नसलेल्या कप्प्यात स्वतः बनवलेली पॅनेल फॅमिली चालत नाही, तिथे फक्त सिस्टिम पॅनेल बसते. अशा भिंतीसाठी मी कर्टन वॉल वापरतच नाही. डावी उंची आणि उजवी उंची असे दोन इन्स्टन्स पॅरामीटर असलेली जेनेरिक मॉडेल फॅमिली करतो आणि त्याच पिचवर ती मांडतो. शक्य असेल तर आर्किटेक्टला पायऱ्यांसारखी वरची कड सुचवतो, कारण तिरकी कापलेली प्रत्येक पट्टी वेगळ्या मापाची होते.

आर्किकॅड (रेव्हिटसारखेच दुसरे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांचे काम यात थोडे सोपे आहे. आवृत्ती 22 पासून तिथले कर्टन वॉल टूल नव्याने बांधलेले आहे आणि स्कीममध्येच पॅनेलचा आकृतिबंध ठरवता येतो, त्यामुळे सरळ-उलटी अशी एकाआड एक रचना हाताने बदलत बसावी लागत नाही. उभ्या फ्रेमसाठी बट-ग्लेझ्ड (मधे दांडी नसलेला) प्रकार निवडला की म्युलियनचा प्रश्न सुटतो. पट्टीच्या रुंदीचा नियम मात्र तोच राहतो.

मॉडेल जड होण्याबद्दल: यू काचेच्या आतल्या-बाहेरच्या कोपऱ्यांना गोलाई देऊ नका. एका पट्टीत चार गोलाकार पृष्ठभाग वाढतात, शेकडो पट्ट्यांमध्ये ते भारी पडतात आणि 1:50 वर कोणालाही दिसत नाहीत. काचेवरची खरखरीत नक्षीही मटेरियलच्या बंपमध्ये ठेवा. फॅमिलीत व्हिजिबिलिटी सेटिंग वापरून कोर्स (कमी तपशिलाच्या) पातळीवर एक साधा सपाट आयत आणि मिडियम-फाइनवर यू दाखवा. प्लास्टिकचे इन्सर्ट, सिलिकॉन, पाणी निघून जायची खालची भोके आणि गोलाई, हे सगळे 1:5 च्या टू-डी डिटेलमध्ये असू द्या.

रेंडरिंगमध्ये या काचेला स्वच्छ पारदर्शक मटेरियल दिले की इमारत खोटी दिसते. ही काच अर्धपारदर्शक आहे. ती प्रकाश आत घेते आणि पसरवते, पलीकडचे आकार पुसट करते. अमेरिकन वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांनी कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स म्युझियमसाठी केलेली ब्लॉक (Bloch) बिल्डिंग, 2007 साली उघडलेली, हे याचे फार सुंदर उदाहरण आहे: दिवसा हिरवळीतून वर आलेले पांढरट काचेचे पाच घन, रात्री तेच आतून उजळलेले. मटेरियलला पुरेसा रफनेस द्या, रंगात किंचित हिरवट छटा ठेवा, आणि लो-आयर्न (कमी लोहाची, जवळजवळ रंगहीन) काच घेणार असाल तर ती छटाही काढून टाका. रात्रीचे दृश्य करताना आतला प्रकाशस्रोत काचेच्या अगदी जवळ ठेवू नका, तिथे पांढरा डाग पडतो.

ऊर्जेच्या गणितासाठी पॅनेलच्या टाइपला योग्य मूल्ये द्या. एकेरी यू काचेचे यू-मूल्य (उष्णता आरपार जाण्याचे माप) 5.7 च्या आसपास, दुहेरीचे 2.8 आणि आतल्या पृष्ठभागावर लो-ई (उष्णता परावर्तित करणारा) लेप असलेल्या दुहेरीचे 1.8 च्या जवळ असते, एकक वॅट प्रति चौरस मीटर केल्व्हिन. दुहेरी करायची की नाही हा निर्णय तुम्ही पुढे ढकलला आहे, पण या आकड्यांमधला फरक पाहता तो चौकट निवडण्याआधीच घेतलेला बरा. वजनही बदलते. काचेची घनता 2500 किलो प्रति घनमीटर धरून 262/41/6 ची एकेरी भिंत प्रति चौरस मीटर सुमारे 19 किलो, दुहेरी सुमारे 38 किलो होते. 4 मीटर उंचीला दुहेरी काचेचा भार स्लॅबच्या कडेवर प्रति मीटर 150 किलोच्या वर जातो, आणि त्यात चौकट धरलेली नाही.

शेवटचे काम शेड्यूलचे. कर्टन पॅनेलच्या शेड्यूलमध्ये रेव्हिट जी रुंदी आणि क्षेत्रफळ देते ते कप्प्याचे असते, काचेचे नाही. तुमच्या बाबतीत रुंदी 265 दिसेल. ऑर्डरसाठी फॅमिलीतला रुंदीचा टाइप पॅरामीटर दाखवा आणि लांबीसाठी कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू करा: हाइट अधिक वरचा बाइट अधिक खालचा बाइट. रुंदी आणि दोन्ही बाइट शेअर्ड पॅरामीटर असतील तरच ते शेड्यूलमध्ये येतील. मग यादी रुंदी आणि लांबीनुसार गटात लावा, टोकाच्या अर्ध्या पट्ट्या वेगळ्या टाइपनावाने दिसू द्या. टोकाच्या चौकटी पॅनेलमध्ये असल्यामुळे त्यांचे ॲल्युमिनियम मटेरियल टेकऑफमधून (साहित्याच्या मोजणीची यादी) वेगळे काढा. आयएफसीमध्ये (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल देवाणघेवाण करायचा फाइल-प्रकार) पाठवताना संपूर्ण भिंत आयएफसी-कर्टन-वॉल म्हणून, पॅनेल प्लेट म्हणून आणि म्युलियन मेंबर म्हणून जातात, त्यामुळे या दोन टोकांच्या चौकटी समोरच्याकडे प्लेटखाली दिसतील. हे त्याला आधीच कळवा.

मजल्याची पातळी किंवा बीमची खोली बदलली की हीच यादी पुन्हा उघडा आणि सगळ्यात लांब पट्टी पाहा. ती पुरवठादाराच्या कमाल लांबीत बसते का हे एक, आणि त्या उंचीला वाऱ्याचा दाब 41 चा फ्लँज घेतो का हे दुसरे. दुसऱ्याचे उत्तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, आणि त्याने 60 सांगितले तर फॅमिलीत फक्त दोन पॅरामीटर बदला. म्युलियनची प्रोफाइल मात्र त्याच वेळी बदलावी लागेल, ती फॅमिली स्वतःहून बदलत नाही.